सोसायटीच्या दाखल्यावर मुलाचे नाव आहे, एवढ्यावर घर विकत घ्यावे का?

पत्राचा गोषवारा

पिंपरी-चिंचवडमध्ये भाड्याच्या घरात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्या आणि त्यांचे यजमान दोघेही नोकरी करतात. सासऱ्यांच्या ओळखीतून त्यांना एका जुन्या सोसायटीतला दोन बेडरूमचा फ्लॅट 48 लाखांना मिळतो आहे. त्या भागातल्या तशाच फ्लॅटच्या मानाने हा भाव तीन-चार लाखांनी कमी आहे. फ्लॅट मूळचा विक्रेत्याच्या वडिलांनी घेतलेला. वडील 2021 मध्ये वारले. मृत्युपत्र केलेले नव्हते. सोसायटीत त्यांनी मुलाला नॉमिनी केले होते, त्यानुसार शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्यावर, मुलाचे नाव चढले आहे. विक्रेत्याची आई त्याच घरात राहते, थोरली बहीण लग्न होऊन इंदूरला असते. "बहिणीला काही नको आहे, शिवाय तिचे लग्न 1991 मधले, तिला हक्कच नाही," असे एजंट सांगतो. 51 हजारांचा इसार चेकने दिलेला आहे. 40 लाख कागदावर आणि 8 लाख रोख, अशी विक्रेत्याची मागणी आहे, आणि पंधरा दिवसांत साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, न केल्यास दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, असा निरोप आला आहे. बँकेने कर्ज तत्त्वतः मंजूर केले आहे. बहिणीची सही मागितली तर समोरचे लोक दुखावतील आणि हातचे घर जाईल, अशी त्यांना भीती वाटते. सासरे म्हणतात, "ओळखीची माणसे आहेत, नोंदणी झाली की घर आपले." पुढे जावे की थांबावे, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर

प्रिय भगिनी,

व्यवहार लगेच सोडून देऊ नका, पण आज ज्या रीतीने तो तुमच्यापुढे ठेवला आहे त्या रीतीने करूही नका. विक्रेत्याची आई आणि बहीण या दोघींच्या सह्या खरेदीच्या दस्तावर असल्या पाहिजेत आणि ठरलेली सगळी रक्कम बँकेमार्फत गेली पाहिजे. या दोन गोष्टी मान्य झाल्या तर घर जरूर घ्या. मान्य झाल्या नाहीत, तर इसाराचे पैसे परत मागून बाजूला व्हा, मग भाव कितीही चांगला असो. असे का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या पत्रात जी गृहीतके आहेत तीच थोड्याफार फरकाने घर घेणाऱ्या बहुतेक कुटुंबांत असतात.

पहिले गृहीतक असे की शेअर सर्टिफिकेटवर ज्याचे नाव, तो घराचा मालक. ते सर्टिफिकेट एकदा उलटे करून पाहा. मागच्या बाजूला एक तक्ता असतो. त्यात हस्तांतराची तारीख, नव्या सभासदाचे नाव, नोंदवहीतला क्रमांक आणि अध्यक्ष-सचिवांच्या सह्या असतात. विक्रेत्याचे नाव त्या तक्त्यात आले आहे, याचा अर्थ सोसायटीने त्याला सभासद म्हणून नोंदवले, एवढाच. वडिलांच्या मागे सोसायटीने पत्रव्यवहार कोणाशी करावा, देखभालीचे बिल कोणाच्या नावे काढावे, सभेची नोटीस कोणाला पाठवावी, हा प्रश्न सुटावा म्हणून नामनिर्देशन असते. सहकार कायद्यात 2019 मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी जे स्वतंत्र प्रकरण घातले गेले, त्याने तर हे स्पष्टच केले आहे की नॉमिनीला वारसांची नावे लागेपर्यंत तात्पुरता सभासद म्हणून घेतले जाते. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत 1983 मध्ये आणि कंपन्यांच्या समभागांच्या बाबतीत डिसेंबर 2023 मध्ये हेच तत्त्व सांगितले: नॉमिनी हा इतरांच्या वतीने मालमत्ता सांभाळणारा असतो, आणि मालकी वारसा कायद्याप्रमाणे ठरते. सहकारी सोसायटीच्या सदनिकेबद्दलच्या 2016 च्या निकालात न्यायालयाने सोसायटीने नॉमिनीचे नाव लावलेच पाहिजे असे म्हटले, त्यामुळे काहींचा गैरसमज झाला. पण मालकीबद्दल दाद मागण्याची वारसांची वाट त्याच निकालाने मोकळी ठेवली आहे.

मग या घराचे मालक कोण? वडील हिंदू होते आणि मृत्युपत्र न करता गेले, असे धरून सांगतो. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांची स्वकष्टार्जित मालमत्ता पत्नी, मुलगे आणि मुली यांच्यात समान वाटली जाते. वडिलांची आई हयात असती तर तिलाही एक हिस्सा मिळाला असता, आणि एखादे अपत्य आधीच वारले असते तर त्याचा हिस्सा त्याच्या मुलाबाळांकडे गेला असता. तुमच्या प्रकरणात आई, मुलगा आणि मुलगी असे तिघे आहेत, म्हणजे प्रत्येकाचा एक तृतीयांश. 48 लाखांच्या घरात विक्रेत्याचा स्वतःचा वाटा 16 लाखांचा आहे. उरलेल्या 32 लाखांचे घर त्याला एकट्याला विकताच येत नाही. (मुस्लिम कुटुंबात वैयक्तिक कायद्याने, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांत 1925 च्या भारतीय वारसा कायद्याने हिस्से ठरतात, त्यामुळे हे गणित सगळ्यांना जसेच्या तसे लावू नये.)

एजंट 1991 च्या लग्नाचा जो मुद्दा सांगतो, त्यात अर्धवट ऐकीव माहिती आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना जन्माने हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 मध्ये केली आणि तिच्यात आधी लग्न झालेल्या मुलींना वगळले होते. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद राहिला नाही, आणि वडील 2005 मध्ये हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये ठरवले. पण हा सगळा वाद वडिलोपार्जित मिळकतीचा आहे. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या फ्लॅटमध्ये, ते मृत्युपत्र न करता गेल्यावर, मुलीला मुलाइतकाच वाटा 1956 पासूनच आहे. तिचे लग्न कधी झाले याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. इतक्या वर्षांनंतरही "लग्नात दिले की, आता कसला हिस्सा" हे वाक्य सौद्याच्या बैठकीत सर्रास ऐकू येते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरे गृहीतक तुमच्या सासऱ्यांचे आहे: नोंदणी झाली की घर आपले. नोंदणी अत्यावश्यक आहे, यात वाद नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 प्रमाणे शंभर रुपयांवरच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, आणि नोंदणी कायद्याच्या कलम 49 प्रमाणे नोंदणी सक्तीची असलेला पण न नोंदवलेला दस्त मालकी देत नाही. पण दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेमके काय होते ते पाहा. तिथे तुमचे फोटो काढतात, अंगठे घेतात, ओळख पटवणाऱ्यांच्या सह्या घेतात, मुद्रांक शुल्क पुरेसे भरले आहे का ते तपासतात. लिहून देणाऱ्याला ती मिळकत विकण्याचा अधिकार आहे का, याचा निवाडा तिथे होत नाही. तमिळनाडूतल्या नोंदणी नियमांतली एक तरतूद एप्रिल 2025 मध्ये रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले की मालकीची शहानिशा हे नोंदणी अधिकाऱ्याचे काम नाही. ज्याच्याकडे एक तृतीयांश आहे त्याने संपूर्ण घराचा दस्त नोंदवून दिला, तरी तुमच्या पदरात एक तृतीयांशच पडतो.

आणि त्या एक तृतीयांशाचेही सुख नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 44 सांगते की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्या माणसाने विकत घेतला, तर त्याला त्या घरात इतरांबरोबर ताबा मागता येत नाही. त्याला वाटपाचा दावा करावा लागतो. असा दावा केला की 1893 च्या वाटप कायद्याचे कलम 4 कुटुंबातल्या सहहिस्सेदाराला बाहेरच्याचा हिस्सा न्यायालय ठरवील त्या किमतीला विकत घेण्याची मुभा देते. कर्जाचे हप्ते तुम्ही भरत आहात, घराबाहेर आहात, आणि तारखा चालू आहेत, असे चित्र त्यातून उभे राहते.

तुम्ही लिहिले आहे की "बहिणीबद्दल आम्हाला जास्त काही विचारायचेच नाही, म्हणजे आमच्यावर जबाबदारी येणार नाही." तुमच्या संपूर्ण पत्रात मला सर्वांत धोक्याचे वाक्य हे वाटले. दर्शनी, म्हणजे वरवर मालक दिसणाऱ्या, माणसाकडून प्रामाणिकपणे मिळकत घेणाऱ्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 41 काही परिस्थितीत संरक्षण देते, पण त्याने वाजवी चौकशी केलेली असली पाहिजे, ही त्याची अट आहे. तुम्हाला बहीण असल्याचे माहीत आहे. ते तुम्ही मला लिहूनही कळवले आहे. शिवाय आई त्याच घरात राहते, आणि मिळकतीत जो प्रत्यक्ष राहतो त्याच्या हक्काची माहिती खरेदीदाराला होतीच, असे कायदा धरून चालतो. त्यामुळे उद्या "आम्हाला ठाऊक नव्हते" हे वाक्य न्यायालयात तुमच्या कामी येणार नाही. न विचारण्याने जबाबदारी टळत नाही, उलट विचारले असते तर मिळाला असता तो बचावही हातचा जातो.

बँकेच्या मंजुरीवरही फार विसंबू नका. तत्त्वतः मंजुरी ही बहुतेक वेळा तुमच्या पगाराची आणि परतफेडीच्या कुवतीची असते. घराच्या कागदांची तपासणी नंतर होते. ती झाली तरी बँकेचा वकील बँकेचे हित पाहतो, त्याचा अहवाल बहुधा तुमच्या हातात येतही नाही, आणि मालकीत खोट निघाली तरी कर्ज फेडायचे तुम्हालाच असते. आपला वकील वेगळा असावा, असे मी म्हणतो ते यासाठी.

आता प्रत्यक्ष मार्ग पाहू. सर्वांत सरळ मार्ग असा की आई, मुलगा आणि मुलगी या तिघांनीही साठेखतावर आणि खरेदीखतावर "लिहून देणार" म्हणून सही करावी आणि मोबदला तिघांच्या खात्यांत त्यांच्या हिश्शाप्रमाणे, किंवा त्यांनी दस्तात लेखी सांगितलेल्या प्रमाणात, जमा व्हावा. बहिणीला खरोखरच काही नको असेल, तर दुसरा मार्ग हक्कसोडपत्राचा आहे. तिने, आणि हवे असल्यास आईनेही, भावाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे, आणि त्यानंतर भावाने एकट्याने विक्री करावी. जवळच्या नात्यात विनामोबदला केलेल्या अशा दस्ताला मुद्रांक शुल्क अगदी कमी लागते. दोन्हींपैकी मला पहिला मार्ग जास्त पसंत आहे. एक तर दस्त एकच होतो. दुसरे, बहीण खरेदीदारासमोर, किमतीचा आकडा वाचून सही करते, त्यामुळे "मला किंमत माहीत नव्हती, भावाने भावनेच्या भरात सही घेतली" अशी तक्रार पुढे उभी राहण्याची शक्यता फार कमी होते. आईच्या बाबतीत तर मी हक्कसोडपत्राचा आग्रह मुळीच धरणार नाही. वयस्क बाईने आपला राहत्या घरातला एकमेव आधार लिहून द्यावा आणि पैसाही तिच्या खात्यात येऊ नये, हे कायद्याने चालत असले तरी मला पटत नाही.

एजंट तिसरा मार्ग सुचवील, तो आधीच सांगून ठेवतो. "स्टँप पेपरवर बहिणीची नोटरी केलेली ना-हरकत आणून देतो, वर मुलगा इन्डेम्निटी बाँड लिहून देईल." नोटरी केलेल्या ना-हरकतीने स्थावरातला हक्क सुटत नाही, हक्क सोडण्याचा दस्तही नोंदवावाच लागतो. आणि इन्डेम्निटी बाँड हे नुकसान भरून देण्याचे आश्वासन आहे. घर विकून आलेले पैसे खर्च झाल्यावर त्या आश्वासनाची वसुली तुम्ही कशातून करणार? हे दोन्ही कागद फाइलमध्ये असायला हरकत नाही, पण सह्यांच्या जागी ते चालणार नाहीत.

बहिणीला इंदूरहून येणे जमत नसेल तर तिने केवळ या फ्लॅटच्या विक्रीपुरते कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) तिथल्या निबंधकांसमोर नोंदवून द्यावे. ते भावाऐवजी दुसऱ्या विश्वासू माणसाच्या नावे असले तर अधिक चांगले. ज्या वाचकांच्या प्रकरणात वारस परदेशी आहे त्यांनी लक्षात ठेवावे की परदेशात केलेले कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा रीतसर प्रमाणित करून घ्यावे लागते आणि राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. वारस अनिवासी असेल तर त्याच्या हिश्शावर खरेदीदाराला किमतीतून करकपातही (टीडीएस) वेगळ्या, जास्त दराने करावी लागते आणि तिथे एरवीची 50 लाखांची मर्यादा लागू नसते. यात चूक झाली तर आयकर खाते खरेदीदारालाच विचारते. वारसांत एखादे अज्ञान (18 वर्षांखालचे) मूल असेल, तर त्याचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी लागते. ती नसलेला व्यवहार ते मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून मागू शकते.

वारस तिघेच आहेत हे कशावरून, असा प्रश्न तुमचा वकील विचारील आणि तो विचारलाच पाहिजे. 1827 च्या मुंबई विनियमाखाली दिवाणी न्यायालयाकडून मिळणारा वारस दाखला हा सर्वांत भक्कम पुरावा, पण त्याला वेळ लागतो. कुटुंब पूर्वीपासून ओळखीचे असेल, तर वडिलांचा मृत्यूदाखला, जुने रेशनकार्ड, तिघांचे एकत्रित प्रतिज्ञापत्र आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस एवढ्यावर भागते, असे माझे मत आहे. सासऱ्यांच्या ओळखीचा खरा उपयोग इथे करून घ्या. जाहीर नोटिशीवर बहुधा 14 दिवस वाट पाहतात; म्हणजे एजंटने दिलेले पंधरा दिवस तसेही पुरणार नाहीत. मुदत वाढवून मागा.

आता त्या 8 लाखांबद्दल. स्थावराच्या व्यवहारात 20 हजार रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. म्हणजे विक्रेत्याचेच 8 लाख पणाला लागतात, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली दिसत नाही. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे निर्देश दिले आहेत की मिळकतीच्या व्यवहारात 2 लाख किंवा अधिक रोख दिल्याचे न्यायालयांच्या किंवा नोंदणी कार्यालयाच्या नजरेला आले, तर त्यांनी ते आयकर खात्याला कळवावे. तुमच्या बाजूने हिशेब करा. कागदावर 40 लाख असतील तर बँक 80 टक्क्यांनी फार तर 32 लाख देईल आणि 16 लाख तुम्हाला उभे करावे लागतील, त्यातले निम्मे रोख. कागदावर 48 लाख असतील तर, तुमचे उत्पन्न पुरत असल्यास, 38 लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. मुद्रांक शुल्क वाचते म्हणावे तर ते 8 लाखांवर 7 टक्क्यांनी 56 हजार होते, आणि रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दरपत्रकातला, भाव कागदावरच्या रकमेपेक्षा जास्त असेल तर शुल्क त्या भावावरच लागते, मग तेही वाचत नाही. व्यवहार फिसकटला तर परत मागायला तुमच्याकडे पुरावा 40 लाखांचाच राहणार. पुढे कधी हे घर विकाल तेव्हा खरेदीची किंमतही 40 लाखच धरली जाईल आणि त्या 8 लाखांवरचा नफ्याचा कर तुम्ही भराल.

शुल्क खरेच वाचवायचे असेल तर सरळ मार्ग आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये सध्या मुद्रांक शुल्क अधिभारासह 7 टक्के आहे, आणि राहते घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास त्यात 1 टक्क्याची सवलत आहे. 48 लाखांवर ती 48 हजारांची होते. म्हणजे 3 लाख 36 हजारांऐवजी 2 लाख 88 हजार, अधिक नोंदणी फी 30 हजार. घर तुमच्या एकटीच्या नावे घ्यायचे की दोघांच्या, हा निर्णय मात्र केवळ या सवलतीवर घेऊ नका. कर्जात तुम्ही दोघे असणार आहात आणि मालकीही तशीच असावी, असे तुम्हाला वाटू शकते. एक टक्का करकपातीचा नियम 50 लाखांपासून लागतो, त्यामुळे 48 लाखांना तो लागणार नाही, पण रेडी रेकनरप्रमाणे मूल्य 50 लाख किंवा अधिक निघाले तर लागतो, हे तपासून घ्या.

कागदांपैकी वडिलांच्या नावचा मूळ नोंदणीकृत करारनामा सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याची मूळ प्रत डोळ्यांनी पाहा, झेरॉक्सवर समाधान मानू नका. "मूळ प्रत गहाळ झाली" किंवा "लॉकरमध्ये आहे, नंतर दाखवतो" असे उत्तर आले तर ती एखाद्या बँकेत किंवा पतसंस्थेत गहाण असण्याची शक्यता धरून चाला. महाराष्ट्रात 2013 पासून कागदपत्रे ठेवून केलेल्या गहाणाची सूचना निबंधकांकडे दाखल करावी लागते, ती नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरच्या शोधात दिसू शकते. त्यापूर्वीच्या गहाणासाठी मात्र मूळ कागद हाच भरवशाचा पुरावा. वकिलाकडून मागच्या 30 वर्षांचा शोध घ्या आणि प्रत्येक व्यवहाराची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो तो नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा, काढून घ्या. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (राहण्यास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) आहे का ते पाहा, आणि जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे की अजून बिल्डरच्या किंवा मूळ जमीनमालकाच्या नावे आहे, हे मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर दिसेल. इतक्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास येत्या काळात निघणारच. तेव्हा अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे होणे, झालेले नसेल तर मोठी अडचण येते. याने व्यवहार मोडायचे कारण नाही, पण भावात आणि निर्णयात ते धरले पाहिजे. सोसायटीकडून थकबाकी नसल्याचे पत्र घ्या. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण शुल्क 25 हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. त्यावर "देणगी" मागितली तर पावतीचा आणि ठरावाचा आग्रह धरा.

साठेखत झाले की मालकी आली, असे मात्र समजू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 54 च स्पष्ट सांगते की विक्रीच्या नुसत्या कराराने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. महाराष्ट्रात पूर्ण मुद्रांक शुल्क बहुधा साठेखतालाच भरतात आणि खरेदीखताला नंतर नाममात्र लागते, त्यामुळे पुष्कळ लोक खरेदीखत करायचे विसरतात आणि वर्षानुवर्षे साठेखतावर राहतात. तुम्ही तसे करू नका. साठेखतात खरेदीखताची तारीख घाला, रिकामा ताबा त्याच दिवशी मिळेल असे लिहा, आणि आई त्या दिवसापर्यंत कुठे राहायला जाणार आहे हे मोकळेपणाने विचारा. आईची दुसरी सोय झालेली नसेल, तर ताबा लांबणार हे नक्की, आणि त्यात त्या माउलीचीच परवड होईल.

आता तुम्हाला ज्याची भीती वाटते त्या संभाषणाकडे येतो. सही मागितली तर ते दुखावतील, असे तुम्ही धरून चालला आहात. तुम्ही असे सांगून पाहा: "दादा, तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही, पण वडील मृत्युपत्र न करता गेले आहेत, तेव्हा कायद्याने ताई आणि आई याही मालक ठरतात. तिघांच्या सह्या असल्या तर आमच्या बँकेचे काम सुरळीत होईल आणि पुढे तुम्हालाही कोणी काही विचारणार नाही." यात त्याचाही मोठा फायदा आहे. मालकीतला दोष खरेदीदारापासून लपवला तर त्याच मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे तो फसवणुकीचा भाग ठरतो. तिघांनी सह्या केल्या की त्याच्या डोक्यावरची ती टांगती तलवार जाते. शिवाय भांडवली नफा तिघांत विभागला जातो आणि प्रत्येकजण आपापल्या हिश्शाची करसवलत स्वतंत्रपणे घेऊ शकतो. बहिणीला खरेच काही नको असेल, तर ती सही आनंदाने करील. वाटल्यास आलेली रक्कम भावाला भेट देईल. तो तिचा निर्णय तिच्या तोंडून झालेला बरा. शक्य असेल तर तिच्याशी फोनवर तुम्ही स्वतः बोला. तिला या विक्रीची कल्पनाच नाही, असेही निघू शकते, आणि तसे निघाले तर ते आज कळलेले केव्हाही चांगले.

इसाराची पावती एकदा वाचून पाहा. तीत मालकी निर्वेध, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हक्काचा अडथळा नसलेली, असण्याची अट नसेल तर साठेखताआधी तिघांच्या सह्यांचे एक साधे पत्र करून घ्या. त्यात एवढे लिहिले तरी पुरे: "सदर सदनिकेचे सर्व वारस खरेदीदारास दस्त लिहून देतील. मालकी निर्वेध नसल्याचे आढळल्यास इसाराची रक्कम 51,000 रुपये खरेदीदारास पंधरा दिवसांत परत केली जाईल." या पत्रावर सही करायला बहीण तयार झाली, तर बाकीचे काम तुमचा वकील करील. विक्रेता तिचे नावही घालू देत नसेल, तर त्याच दिवशी रक्कम परत मागणारे पत्र पोचपावतीसह पाठवा, चेक वटल्याची बँकेची नोंद त्याला जोडा, आणि बँकेला हा फ्लॅट रद्द झाल्याचे कळवा. कर्जाची तत्त्वतः मंजुरी तुमच्या उत्पन्नावर दिलेली असल्यामुळे मुदत संपलेली नसेल तर दुसऱ्या घरासाठी बहुधा वापरता येते.